परदेशात ऑर्केस्ट्रा ऐकायला जाताय? सांगली-मिरजकरांनो, या चुका टाळा

आपल्या सांगली-मिरजेत तयार कानाची माणसं काय कमी नाहीत. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं रात्रभर मांडी घालून ऐकणारी, तंबोरा जरा उतरला की भुवई वर करणारी. पण हीच मंडळी युरोप टूरला गेली की वेस्टर्न क्लासिकल कॉन्सर्टचं तिकीट कानानं नाही, डोळ्यानं काढतात आणि निम्म्या चुका तिथंच होतात.

सगळ्यात कॉमन प्रकार व्हिएन्नात. ऑपेराच्या, म्हणजे तिथल्या संगीत नाटकाच्या थिएटरच्या, आसपास आणि मोठ्या चर्चच्या चौकात लाल कोट अन् पांढऱ्या केसांचा टोप घातलेली पोरं हातात फाईल घेऊन फिरत असतात, तुम्ही भारतीय दिसलात की लगेच 'नमस्ते' पण म्हणतात. ते विकतात ते टुरिस्ट कॉन्सर्ट. फसवणूक म्हणणार नाही मी, वाजवणारे खरे वादक असतात, कधीकधी हॉलसुद्धा म्युझिकफेराइन या नावाजलेल्या संगीतगृहाचा तोच 1870 चा गोल्डन हॉल असतो, पण कार्यक्रम म्हणजे मोझार्ट आणि स्ट्राउस या संगीतकारांचे छोटे छोटे लोकप्रिय तुकडे. एखादी अख्खी सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना, ऐकायचीय म्हणून गेलात तर हात हलवत परत याल. त्यामुळं हॉलचं नाव ऐकून भुलू नका, तीन गोष्टी विचारा: ऑर्केस्ट्रा कुठला, कंडक्टर (पुढं उभा राहून हाताच्या इशाऱ्यानं वाजवून घेणारा) कोण आणि कुठल्या रचना पूर्ण वाजणार. समोरच्याला नीट सांगता आलं नाही तर थँक्यू म्हणून पुढं चालायला लागा.

घरी बसून बुकिंग करतानाही हेच होतं. गुगलवर वरच्या एक-दोन लिंक बऱ्याचदा जाहिरातीच्या असतात, तिकिटं फिरवून जास्त पैशाला विकणाऱ्यांच्या. हॉलची स्वतःची साइट शोधा, सगळ्या मोठ्या हॉलच्या साइट इंग्रजीत असतात.

'मिळालं नाही' म्हणून सोडून देणं ही दुसरी मोठी चूक. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या तिथल्या नामांकित ऑर्केस्ट्राच्या न्यू इयर कॉन्सर्टची तिकिटं सोडतीनं जातात, तो नाद तर सोडूनच द्या. पण ह्या ऑर्केस्ट्राचे वादक व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या ऑर्केस्ट्रातूनच घेतलेले असतात, म्हणजे ऑपेराला गेलात की खाली पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढच्या खड्ड्यात, बसून वाजवतात ती बऱ्यापैकी हीच माणसं. आणि तिथं उभ्याची तिकिटं असतात, प्रयोगाच्या दिवशीच विक्रीला येणारी, बसायच्या तिकिटाच्या मानानं एकदम स्वस्त. आत गेल्यावर लोक समोरच्या दांडीला मफलर बांधून आपली जागा धरतात आणि निवांत पाय मोकळे करायला जातात, त्या मफलरला कोणी हात लावत नाही. एस्टीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाला आपल्याकडं एवढा मान मिळत नाही! तर स्कार्फ किंवा मफलर घेऊन जा, उन्हाळा असला तरी. शॉर्ट्स आणि स्लीपर नको, त्यावर तिथं अडवतात. बाकी सूट-टायचं टेन्शन घेऊ नका, साधी पँट-शर्ट, सलवार-कमीज, साडी सगळं चालतं.

आता सीझन. जुलै-ऑगस्टमध्ये व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा बंद असतं आणि फिलहार्मोनिकवाले साल्झबुर्गच्या फेस्टिव्हलला गेलेले असतात. मोठे हॉल बघायला त्या महिन्यात गेलात तर बाहेरून फोटो काढून यायचं. मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी बेस्ट, सीझन चालू असतो. जुलै-ऑगस्टशिवाय जमतच नसेल तर मोर्चा लंडनकडं वळवा, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स हा कॉन्सर्टचा उन्हाळी महोत्सव चालू असतो, 1895 पासूनची परंपरा आहे, आणि तिथंही स्टेजसमोर उभं राहून ऐकायची स्वस्त तिकिटं मिळतात.

पोचल्या दिवशीचं तिकीट काढू नका, हे तर अगदी कळकळीनं. व्हिएन्नात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपले रात्रीचे अकरा. त्यात विमानातली अर्धवट झोप. सिम्फनीचा दुसरा भाग बहुतेक वेळा संथ असतो, आणि तिथं घोरणं आपल्या मैफलीपेक्षा जास्त ऐकू जातं कारण माइक-स्पीकर काही नसतंय.

माइक नसतो यावरून सीटचं. आपल्या नाट्यगृहात पहिली रांग म्हणजे मानाची, पाहुण्यांची, म्हणून आपली माणसं परदेशात पण सगळ्यात महाग पुढची रांग शोधतात. पुढं बसलात की समोर चेलोवाल्यांचे (चेलो म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन) बूट, कानात नुसती व्हायोलिनं, आणि मागं बसलेले बासरी, ओबो, क्लॅरिनेट अशी फुंकून वाजवायची वाद्यं दिसतही नाहीत, त्यांचा आवाज वरून निघून जातो. ऑर्केस्ट्राचा आवाज एक व्हायला अंतर लागतं. मधल्या रांगा घ्या नाहीतर वर बाल्कनीत समोरच्या बाजूला बसा, पैसेही वाचतात. बॉक्समधली मागची सीट घेऊ नका, तिथून स्टेज अर्धंच दिसतं. बर्लिनच्या फिलहार्मोनी हॉलची गंमत वेगळी, 1963 ची ती इमारत अशी बांधलीय की स्टेज मधोमध आणि प्रेक्षक चारी बाजूंनी. तिथं ऑर्केस्ट्राच्या मागच्या सीट स्वस्त असतात आणि कंडक्टरचा चेहरा समोरून दिसतो, डोळ्यानं कसा धाक दाखवतो ते सगळं. फक्त त्या दिवशी कोणी गाणारं असेल तर नको, गाणाऱ्याची पाठ तुमच्याकडं.

वेळेचं काय सांगायचं. आपल्याकडं नऊचा कार्यक्रम म्हणजे पाहुण्यांच्या सत्कारासकट साडेनऊ. तिथं साडेसात म्हणजे साडेसात, दार बंद. उशीर झाला तर चालू रचना संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं, आणि त्या दिवशी नुसती बेथोव्हेनची नववी सिम्फनी असेल, सत्तरेक मिनिटांची, मध्ये इंटरव्हल नाही, तर तुमचा कार्यक्रम लॉबीतच आटोपला. त्यात जर्मनी-ऑस्ट्रियात कोट आणि मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, काउंटरला जमा करायची रांग असते. अर्धा तास आधी पोचा. खोकल्याची गोळी आधीच कागदातून काढून रुमालात ठेवा, तो चुरचुर आवाज दहा रांगा जातो.

टाळ्यांचा घोळ मात्र नीट समजून घ्या. आपण समेवर 'वा' म्हणणारी माणसं, दाद आतून येते, ती दाबायची म्हणजे अवघडच. पण सिम्फनीचे साधारण चार भाग असतात आणि मधल्या शांततेत टाळी वाजवायची नाही असा रिवाज आहे. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीत तर सापळाच आहे, तिसरा भाग एवढा दणक्यात संपतो की वाटतं झालं, आणि खरा शेवट चौथ्याच्या अगदी हळू सुरात आहे. तिथले लोकही फसतात, आणि लाज वाटून घ्यायची गरज नाही, 1971 मध्ये न्यूयॉर्कला रविशंकर नुसती सतार जुळवत होते तर तिथल्या पब्लिकनं त्यालाच टाळ्या वाजवल्या होत्या! सोपा उपाय: कंडक्टरचे हात खाली येऊन तो तुमच्याकडं वळला की मगच. ऑपेरात वेगळं, तिथं एखादं गाणं रंगलं की मध्येच टाळ्या चालतात.

हे सगळं एकदम परदेशात करून बघण्यापेक्षा आधी मुंबईला एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जा. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून तिथं आहे. सांगलीतून रात्री बसलं की सकाळी मुंबई, तिकीट युरोपच्या मानानं हलकं आणि शेजारी कोणीतरी मराठीत सांगणारं भेटायची शक्यता. जाताना वाजणारी रचना एक-दोनदा यूट्यूबवर ऐकून ठेवा, चार भाग कुठं संपतात ते कळतं. लहान पोरांना न्यायचं असेल तर वयाची अट आधी बघा, बऱ्याच हॉलमध्ये अगदी लहानांना संध्याकाळच्या कॉन्सर्टला सोडत नाहीत. छोटा कार्यक्रम हवा असेल तर बर्लिन आणि ॲमस्टरडॅमच्या हॉलमध्ये दुपारचे मोफत कॉन्सर्ट होतात ते बघा, तास-पाऊण तासात संपतात, फक्त वार आणि बुकिंग लागतं का ते निघायच्या आदल्या आठवड्यात साइटवर तपासा.