ऋण संख्येला भागल्यावर बाकी कशी काढावी

−१७ ला ५ ने भागले तर बाकी किती? बरेच जण १७ ला ५ ने भागतात, २ बाकी काढतात आणि तिच्यापुढे उणे चिन्ह लावून मोकळे होतात. पण मॉड्युलो अंकगणितात, म्हणजे बाक्यांवर चालणाऱ्या गणितात, बाकी शून्य किंवा त्याहून मोठी आणि भाजकापेक्षा लहान असावी लागते. म्हणून इथे बाकी ३ येते.

आधी शाळेतले सूत्र मांडा: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. भागाकार −३ घेतला तर ५ × (−३) = −१५ आणि बाकी −२ उरते, ती चालत नाही. भागाकार −४ घ्या. ५ × (−४) = −२०, त्यात ३ मिळवले की −१७.

−३ सोडून −४ का, हे संख्यारेषेवर लगेच दिसते. १७ साठी आपण डावीकडची, पाढ्यातली जवळची संख्या १५ धरतो आणि तिथून २ घरे मोजतो. −१७ साठीही डावीकडेच जायचे, म्हणजे −२० वर. ऋण बाजूला शून्याकडे वळायचा मोह होतो आणि नेमके तिथेच गणित चुकते.

हा हट्ट कशासाठी? ६, ५, ४, ३, २, १, ० या संख्यांना ५ ने भागत खाली या. बाक्या येतात १, ०, ४, ३, २, १, ०. पुढे −१ ची बाकी ४, −२ ची ३. शून्य ओलांडले तरी चक्र तुटत नाही. −१ ची बाकी −१ धरली असती, तर तिथेच ते मोडले असते. मॉड्युलो अंकगणिताचा सगळा उपयोग या न तुटणाऱ्या चक्रात आहे.

तोंडी करायचे असेल तर चिन्ह विसरून भागा. बाकी शून्य आली तर उत्तर शून्यच, नाहीतर ती भाजकातून वजा करा: ५ − २ = ३.

आता वार काढून पाहू. १ मे १९६० ला, महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा, रविवार होता. त्याच्या १०० दिवस आधी कोणता वार? रविवार ०, सोमवार १ असे धरा. −१०० ला ७ ने भागायचे आहे. १०० ची बाकी २, म्हणून ७ − २ = ५, म्हणजे शुक्रवार. ती तारीख २२ जानेवारी १९६०, आणि त्या दिवशी शुक्रवारच होता.

संगणकावर मात्र सावध राहा. प्रोग्रॅमिंगच्या भाषांत % हे टक्क्यांचे नव्हे, बाकी काढायचे चिन्ह असते. −१७ % ५ चे उत्तर पायथन ही भाषा ३ देते, एक्सेलचे मॉड हे सूत्रही ३ देते. सी, जावा आणि जावास्क्रिप्ट −२ देतात, कारण तिथे भागाकार शून्याकडे छाटला जातो. अशा भाषेत ((अ % न) + न) % न असे लिहा; इथे अ म्हणजे भाज्य आणि न म्हणजे भाजक. न धन असला की बाकी कधीच ऋण येत नाही. विषम संख्या ओळखतानाही हेच आडवे येते: जावात −३ % २ चे उत्तर −१ असते, त्यामुळे «बाकी १ आहे का» ही तपासणी −३ ला सम ठरवते. त्याऐवजी «बाकी शून्य नाही ना» असे तपासा.