खांदा दुखतोय? दाबून, ओढून, चोळून घेण्याआधी या चुका टाळा

खांदा दुखायला लागला की माणूस आधी दुसऱ्या हाताने तिथे दाबून बघतो, मग घरातल्या कुणाला तरी म्हणतो जरा जोरात दाब ना, आणि तेवढ्यानेही नाही भागलं की कुणीतरी सांगितलेल्या मालिशवाल्याकडे जाऊन चांगलं रगडून घेतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे सांधे हातात घेऊनच बसलेली असते, त्यामुळे हाताने करायच्या उपचारांना मी नावं ठेवणार नाहीये. पण कुठला खांदा आहे हे न बघता हात पडला तर काय होतं ते पण रोज बघते, म्हणून हे लिहायला घेतलं.

खांदा दुखतो म्हणजे खांद्यातच बिघाड आहे असं धरून चालणं

मानेतली नस दबली असेल तरी कळ खांद्यात येते. मान एका बाजूला वळवली की दुखणं वाढतं, कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्या जातात, आणि पेशंट मात्र महिनाभर खांदा चोळत बसलेला असतो. पित्ताशयाचा त्रास उजव्या खांद्याच्या टोकाला जाणवू शकतो, हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात, पण कारण साधं आहे: छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची नस मानेतूनच निघते, खांद्याच्या कातडीच्या नसा पण तिथल्याच, त्यामुळे खालून तक्रार आली तरी मेंदूला ती खांद्यातून आल्यासारखी वाटते. आणि डाव्या खांद्यात किंवा हातात कळ, सोबत छातीत दडपण, घाम, दम लागणं असं काही असेल तर हा लेख वाचायचा सोडा आणि हॉस्पिटल गाठा, मालिश वगैरे नंतर.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. खांदा वर, मागे, बाजूला असा सगळीकडे हलवून बघा. कुठल्याच हालचालीने दुखणं कमी-जास्त होत नसेल तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे असायची शक्यता जास्त. याच्या उलट गंमत अशी की खांद्याच्या आतलं दुखणं बऱ्याचदा खांद्यावर जाणवतच नाही, पेशंट बोट ठेवतो ते दंडाच्या बाहेरच्या बाजूला, आणि मग तिथलाच दंड रोज रगडला जातो ज्याचा बिचाऱ्याचा काहीच दोष नसतो.

आखडलेला खांदा आणि कमजोर खांदा एकच समजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबते.

खांद्याचा सांधा म्हणजे मोठा गोळा आणि उथळ वाटी. वाटीच्या मानाने गोळा तिप्पट-चौपट मोठा, म्हणून तर हात इतका सगळीकडे फिरतो, पण त्याला जागेवर धरून ठेवायचं काम हाडं नाही, भोवतीचे चार स्नायू करतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. हे स्नायू किंवा त्यांना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या दुखावल्या की हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधे कळ येते आणि त्याच्या वर गेलं की पुन्हा बरं वाटतं. फ्रोझन शोल्डर वेगळा. त्यात सांध्याभोवतीची पिशवी जाड होते, आकसते, आणि सांधाच धरून बसतो. नाव १९३४ साली अमेरिकन सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी दिलं आणि ते इतकं चपखल बसलं की अजून तेच चालतंय. साधारण ४० ते ६० वयात, बायकांमध्ये जास्त, आणि डायबेटिस किंवा थायरॉईड असलेल्यांमध्ये तर फारच. चाळिशीनंतर काहीही न लागता खांदा आखडला आणि शुगर कधी तपासलेलीच नाही, असं असेल तर आधी ती तपासा.

आता फरक कसा ओळखायचा. आरशासमोर उभं राहायचं, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवायची, हात काटकोनात पुढे, आणि मग कोपरं न सोडता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडायचे, दार उघडतो तसे. फ्रोझन शोल्डरमध्ये चांगल्या बाजूचा हात मस्त बाहेर जातो आणि दुसरा जवळजवळ सरळच राहतो. मग घरातल्या कुणाला तरी तो पंजा हलकेच बाहेर न्यायला सांगा, हलकेच म्हणतेय हं. तरीही जात नाही, आत काहीतरी घट्ट आडवं आल्यासारखं वाटतं, म्हणजे सांधा आखडलाय. आणि तुम्हाला स्वतःला जमत नाही पण दुसऱ्याने नेला तर हात आरामात जातो, म्हणजे सांधा मोकळा आहे, स्नायूत दम नाही किंवा तो दुखतोय. आखडलेल्याला हळूहळू मोकळा करायचा असतो आणि कमजोर असलेल्याला ताकद द्यायची असते, दोघांना एकच औषध चालत नाही.

हा अंदाज झाला, निदान नाही. सांध्याची झीज झाली असेल तरी हात असाच बाहेर जात नाही, आणि फिट येऊन किंवा विजेचा झटका बसून खांदा मागच्या बाजूला निखळला असेल तर तोही असाच अडकतो, आणि हा प्रकार बऱ्याचदा नजरेतून सुटतो. म्हणून एक्स-रे काढायचाच, फ्रोझनमध्ये तो बहुतेक वेळा नॉर्मल येतो आणि पेशंट वैतागतो की मग दुखतंय काय.

दुखलं म्हणजे लागू पडतंय असं समजणं

ही चूक मी स्वतः केलीये. नवीन होते, एका ताईंचा खांदा नुकताच आखडायला लागला होता, रात्री कुशीवर झोपता येत नव्हतं, ठणका चालूच, आणि मी उत्साहात त्यांचा हात पार शेवटपर्यंत रेटला. त्या पण ओठ दाबून सहन करत राहिल्या, कारण त्यांनाही वाटत होतं दुखल्याशिवाय मोकळं कसं होणार. दोन रात्री झोपल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा होता तेवढा हात पण वर जात नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत पण माझ्या अजून लक्षात आहे.

फ्रोझन शोल्डरचे तीन टप्पे असतात: आधी दुखत दुखत आखडतो, मग दुखणं कमी पण सांधा घट्ट, मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं जाऊ शकतात. पहिल्या टप्प्यात हात जबरदस्तीने ओढला की सूज आणि ठणका अजून भडकतो. त्या वेळी हलके झोके, न दुखणाऱ्या पट्ट्यातली हालचाल आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, याने जास्त आराम पडतो (डायबेटिस असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वाढते, लक्ष ठेवा). दुसऱ्या टप्प्यात मात्र सांधा जिथे अडतो तिथेच जाऊन काम करावं लागतं आणि तिथे थोडा ताण, थोडी कळ चालते. ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलँड यांनी, थेरपिस्ट स्वतःच्या हाताने पेशंटचा सांधा हलवतो त्या हालचालींच्या ग्रेड पाडून दिल्या, पहिल्या दोन हलक्या, दुखणं शांत करायला, तिसरी-चौथी अडलेल्या जागेवर, आणि पाचवी म्हणजे झटका. तुमचा थेरपिस्ट पहिल्या दिवशी रात्रीच्या झोपेबद्दल न विचारताच हात ओढायला लागला तर त्याला थांबवा, लाजू नका.

कट्‌कन आवाज आला म्हणजे हाड बसलं

नाही बसलं, कारण ते हललंच नव्हतं. सांध्यातल्या वंगणात दाब अचानक कमी झाला की वायूची पोकळी तयार होते, आवाज त्याचा. २०१५ मध्ये एमआरआय मशीनमध्ये बोट ओढून हे प्रत्यक्ष बघितलं गेलंय. तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात. झटक्यानंतर हलकं वाटतं हे खरं, पण ते काही वेळापुरतं नसा आणि स्नायू शांत झाल्यामुळे. आणि खांदा खरोखर निखळला असेल तर तो घरी किंवा कुणा हौशी माणसाकडून अजिबात बसवून घेऊ नका, बाजूने जाणारी नस दुखावते, कधी सोबत हाडही मोडलेलं असतं.

टेबलावर बरं वाटलं म्हणजे काम झालं

मालिश, दाब, मोबिलायझेशन (म्हणजे थेरपिस्टने हाताने सांधा हलवणं), कुठल्याही पद्धतीने मिळणारा आराम तासांचा किंवा फार तर एक-दोन दिवसांचा. तेवढ्या वेळात दुखणं कमी असतं म्हणून हात जास्त हलतो, आणि नेमकं तेव्हाच व्यायाम करायचा असतो, घरी जाऊन आडवं व्हायचं नसतं. रोटेटर कफला ताकद यायला साधारण बारा आठवडे लागतात आणि लोक दहाव्या दिवशी विचारतात अजून किती सिटिंग. व्यायामाचं प्रमाण ठरवायला माझा हिशोब सोपा: करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं असेल तर निम्मं करा, बंद नका करू. हात गळ्यात अडकवून आठवडेच्या आठवडे बसणारे पण असतात, फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन नसेल तर तो प्रकार खांदा आखडायचं आमंत्रण.

स्कॅन बघून घाबरायची पण गरज नाही. साठीनंतर बऱ्याच जणांच्या दोऱ्या काहीही दुखत नसताना फाटलेल्या दिसतात. पडल्यानंतर हात अचानक उचलताच येईना, ती गोष्ट वेगळी, तिथे थांबून बघायचं नाही, लगेच दाखवायचं.

नको तिथे हात लावू देणं

सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप: मालिश नाही, शेक नाही, त्याच दिवशी डॉक्टर, सांध्यात पू झाला असू शकतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा हाडं ठिसूळ असतील तर जोरात दाबणं आणि झटके बंद, विशेषतः मानेला. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, वजन विनाकारण उतरत असेल, रात्रभर एकसारखं दुखत असेल तर आधी तपासणी. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर तीही चोळू नका, आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आणि एक खांदाच नाही तर हाताचे बारीक सांधे पण सुजतायत, सकाळी तासभर ताठरपणा जात नाही, असं असेल तर ते संधिवाताच्या डॉक्टरांचं काम, माझं नंतर.

शेक की बर्फ हे मला दिवसातून चारदा विचारतात. नुकतं लागलं असेल तर कापडात गुंडाळून बर्फ दहा-पंधरा मिनिटं, जुना ताठरपणा असेल तर शेक, आणि डायबेटिसमुळे कातडी बधिर झाली असेल तर दोन्ही जपून, चटका बसलेला कळत नाही.

रात्री चांगल्या कुशीवर झोपा आणि दुखऱ्या हाताखाली पोटाजवळ एक उशी घ्या, पाठीवर झोपत असाल तर कोपराखाली घडी केलेला टॉवेल, म्हणजे हात मागे लोंबत नाही. शर्ट घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना तोच सगळ्यात शेवटी.