घरात कुणाला टीबी निघाला तर : पहिल्या बेडक्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत

मुंबईत खोकला अंगावर काढायला कारणं भरपूर मिळतात. पावसाळ्यात गारठा, दिवाळीनंतर धूर आणि बारा महिने शेजारच्या बांधकामाची धूळ. आधी केमिस्टकडचं सिरप होतं, मग गल्लीतल्या डॉक्टरांची अँटिबायोटिक, मग दुसरी अँटिबायोटिक, आणि दीड-दोन महिने असेच निघून जातात. तेवढ्यात दहा बाय बाराच्या खोलीतली बाकीची चार माणसं तीच हवा श्वासात घेत राहतात. टीबीच्या तपासणीत, औषधांत आणि बचावात गेल्या पंधरा वर्षांत फार मोठी प्रगती झाली आहे. ती आपल्या घरापर्यंत पोहोचायची असेल तर पावलं योग्य क्रमानं पडायला हवीत. तो क्रम इथे देतो आहे.

१. दोन आठवड्यांवर खोकला गेला की तपासणी

दोन आठवडे खोकला, संध्याकाळी चढणारा बारीक ताप, रात्री घामानं भिजणारी उशी, वजन उतरणं, बेडक्यातून रक्त. यातलं एकही लक्षण असलं तरी महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात जाऊन 'टीबीची तपासणी करायची आहे' असं स्वतःहून सांगा. तपासणी मोफत आहे.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं. छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के हातातून निसटले असते, असं त्यात दिसलं. म्हणजे खोकला नसतानाही टीबी असू शकतो. घरात मधुमेही असेल, कुणाला पूर्वी टीबी झाला असेल किंवा कुणी टीबीच्या रुग्णासोबत राहत असेल, तर लक्षणांची वाट न पाहता एक्स-रे काढून घ्या.

दोन गोष्टी टाळा. पहिली म्हणजे केमिस्टकडून परस्पर घेतलेली लिव्होफ्लॉक्ससिनसारखी अँटिबायोटिक. तिचा टीबीच्या जंतूंवर थोडा परिणाम होतो, चार दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. दुसरी म्हणजे रक्तातून टीबी 'पकडण्याचा' आग्रह. अँटिबॉडी मोजणाऱ्या रक्ततपासण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. खासगी लॅबमध्ये होणारी 'टीबी गोल्ड' तपासणी वेगळी आणि वैध आहे, पण जंतू कधीतरी शरीरात शिरला का, एवढंच ती सांगते. आज आजार आहे की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही. ती पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच औषधं सुरू करू नका आणि निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्तही राहू नका.

२. बेडका नीट द्या

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. डबी हातात मिळते, माणूस कोपऱ्यात जाऊन तोंडातली लाळ त्यात टाकतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि घरात सुटकेचा श्वास सोडला जातो. लाळेत जंतू सापडण्याची शक्यता फारच कमी असते. छातीतून आलेला घट्ट बेडकाच हवा.

सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साध्या पाण्यानं चूळ भरा. गॅलरीत, गच्चीवर किंवा उघड्या खिडकीपाशी जा. बंद न्हाणीघरात किंवा चाळीच्या सामाईक संडासात बेडका काढू नका, तिथली हवा पुढच्या माणसाच्या नाकात जाते. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीत धरा, मग पोटातून जोर लावून खोका. डबीत निदान २ मिलिलिटर, म्हणजे अर्धा चमचा तरी बेडका हवा. झाकण घट्ट लावा आणि डबी त्याच सकाळी पोहोचवा. बहुधा दोन नमुने मागतात, एक तिथल्या तिथे आणि एक सकाळचा. दुसरा देण्याचा कंटाळा करू नका.

लहान मुलांना बेडका काढता येत नाही. त्यांच्या जठरातलं पाणी किंवा शौचाचा नमुना तपासता येतो, बालरोगतज्ज्ञांना तसं विचारा. मानेला गाठ असेल, मणक्यात किंवा पोटात टीबीचा संशय असेल, तर गाठीतून सुईनं किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं नमुना घेतात. त्याआधी सर्जनना एक विनंती जरूर करा : नमुन्याचा एक भाग फॉर्मालिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये ठेवा. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं, करता येत नाही आणि कोणतं औषध चालेल हे कळण्याची वाट बंद होते.

३. पहिल्या गोळीआधी सीबीनॅट

मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्राला शे-दीडशे पुरतात. शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालणार की नाही, हेही ते दोन तासांच्या आत सांगतं. २०१० साली या तपासणीचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पेरू, अझरबैजान आणि दक्षिण आफ्रिकेच्या जोडीला आपलं मुंबईचं केंद्रही होतं. मायक्रोस्कोपखाली निगेटिव्ह आलेल्या पण प्रत्यक्षात टीबी असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्के एकाच नमुन्यात सापडले, तीन नमुने तपासल्यावर ९० टक्के. गोव्यात तयार होणारं बॅटरीवरचं ट्रूनॅट यंत्रही हेच काम करतं.

रिपोर्टमध्ये दोन ओळी शोधा. 'एमटीबी डिटेक्टेड' म्हणजे टीबी आहे. 'रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' म्हणजे रिफाम्पिसिन लागू पडेल. त्यावरच न थांबता आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाच्या प्रतिकाराची, म्हणजे जंतू त्याला दाद देतात की नाही याची, तपासणी नमुन्यावर होणार आहे का, हेही विचारा. लक्षणं ठळक असूनही रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर पुन्हा नमुना आणि कल्चर मागा. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

मुंबईत याला मी एवढं महत्त्व का देतो, तेही सांगतो. या शहरात औषधांना न जुमानणारा टीबी मोठ्या प्रमाणावर आहे, आणि तो एका रात्रीत वाढलेला नाही. १९९१ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या १०० खासगी डॉक्टरांचा अभ्यास झाला, त्यांनी टीबीसाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या. मुंबईतले छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'टीबीला कोणती औषधं लिहाल' हे डॉक्टरांना पुन्हा विचारलं, तेव्हा १०६ डॉक्टरांपैकी बरोबर चिठ्ठी लिहिणारे फक्त ६ निघाले. चुकीची औषधं म्हणजे जंतूंना दिलेली तालीमच. म्हणून प्रतिकाराचा रिपोर्ट हातात असणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि तो मागताना संकोच करू नये.

४. गोळ्या : वजनाप्रमाणे, रोज, पूर्ण मुदत

साध्या टीबीला सहा महिने लागतात. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. मोठ्या माणसाचं वजन ३५ ते ४९ किलो असेल तर रोज ३, ५० ते ६४ असेल तर ४. म्हणून दर महिन्याला वजन करून घ्या. वजन वाढलं तर गोळ्याही वाढू शकतात, हे केंद्रात आठवणीनं विचारा. एचआयव्ही आणि रक्तातली साखर यांचीही तपासणी याच वेळी करतात, तिला नकार देऊ नका.

लघवी नारिंगी होईल. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, घाबरू नका. मात्र डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, उलट्या थांबेनात, धूसर दिसू लागलं किंवा लाल-हिरव्यातला फरक कळेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तळपायांना मुंग्या येत असतील तर बी-६ जीवनसत्त्वाची गोळी मिळते. बायकांनी एक लक्षात ठेवावं : रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरा उपाय हवा. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणामही कमी होतो.

दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, आणि नेमक्या त्याच सुमारास गोळ्या सुटतात. गणपती, शिमगा, मे महिन्याची सुट्टी हे मुंबईकराचे गावी जायचे दिवस, आणि गोळ्या चुकण्याचेही. निघायच्या आठवडाभर आधी केंद्रात सांगा. तेवढ्या दिवसांच्या गोळ्या सोबत मिळू शकतात. मुक्काम लांबणार असेल तर निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतल्या क्रमांकावरून गावच्या आरोग्य केंद्रात नाव वर्ग होतं. तो क्रमांक रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये जपून ठेवा. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेत असाल तरी नोंदणी बंधनकारक आहे, झाली का ते विचारा.

५. एमडीआर निघाला तर

एमडीआर म्हणजे रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारा टीबी. हा शब्द ऐकून घर कोसळतं, कारण आपल्या आठवणीत दीड-दोन वर्षांचे उपचार, रोजचं इंजेक्शन आणि गेलेली श्रवणशक्ती आहे. आता चित्र बदललं आहे. बेडाक्विलिन, प्रेटोमानिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्ससिन ही चार औषधं सहा महिने तोंडावाटे घ्यायची, इंजेक्शन नाही. दक्षिण आफ्रिका, बेलारूस आणि उझबेकिस्तानातल्या चाचणीत या उपचारानं ८९ टक्के रुग्णांना गुण आला, जुन्या उपचारांत तो ५२ टक्क्यांना आला होता. भारतात आरोग्य मंत्रालयानं याला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. १४ वर्षांखालची मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठी वेगळा उपचार असतो. लिनेझोलिडमुळे रक्त कमी होऊ शकतं, नसा आणि नजर यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ठरलेल्या रक्ततपासण्या आणि ईसीजी चुकवू नका.

बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून २०१९ साली दोघींनी आव्हान दिलं होतं, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघी टीबीतून बऱ्या झालेल्या, दोघींची श्रवणशक्ती जुन्या औषधांनी नेलेली. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं मुदतवाढ नाकारली. स्वस्त बेडाक्विलिनचा रस्ता मोकळा होण्यात त्यांच्या झगड्याचा वाटा आहे, आणि तो रुग्णांच्या घरी माहीत असायला हवा.

६. ताट हा उपचाराचा भाग

पोषणावरचं गेल्या काही वर्षांतलं सर्वांत मोलाचं संशोधन आपल्याच देशातलं आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना दरमहा शिधा दिला, आणि काही गटांत घरच्यांनाही तांदूळ-डाळ दिली. १०,३४५ घरच्या माणसांचा पाठपुरावा झाला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ४० किलोच्या माणसासाठी हे फक्त दोन किलो आहेत.

यासाठी महागड्या प्रोटीन पावडरीची गरज नाही. झारखंडच्या शिध्यात तांदूळ, भाजलेल्या चण्याचं पीठ, दूध पावडर आणि तेल होतं. आपल्याकडे रोज दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, डाळीची वाटी, फुटाणे, आणि खाणाऱ्यांसाठी जवळा किंवा सुके बोंबील सहज जमतात. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. बँक खात्याचे तपशील पहिल्याच भेटीत द्या. शिधा देणारे 'निक्षय मित्र' तुमच्या भागात आहेत का, तेही विचारा.

७. खोलीतली हवा हलती ठेवा

टीबी हवेतून पसरतो. ताट-वाटी, कपडे, हात मिळवणं यांनी नाही. रुग्णाचं ताट वेगळं काढल्यानं काहीच साधत नाही, माणूस मात्र खचतो. २०१८ साली गोवंडी-मानखुर्द परिसरातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इमारती एकमेकींना खेटून असलेल्या, जिथे ऊन-वारा खालच्या मजल्यांवर पोहोचत नाही, अशा लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये टीबीचं प्रमाण अधिक आढळलं. इमारत आपल्याला बदलता येत नाही, पण खिडकीपुढचं कपाट हलवता येतं. दार-खिडकी समोरासमोर उघडी ठेवा, पंखा हवा बाहेर ढकलेल असा लावा, रुग्णाचं अंथरूण खिडकीकडे घ्या, आणि सुरुवातीचे काही आठवडे त्यानं घरात मास्क लावावा. औषधं लागू पडली की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची शक्यता झपाट्यानं घटते.

८. बाकीच्या सगळ्यांची तपासणी

रुग्णाला गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला तपासून घ्या, तान्ह्या बाळालाही. आजार नाही असं ठरलं की प्रतिबंधक औषध मिळतं : आठवड्यातून एकदा, असे १२ डोस, किंवा रोज एक गोळी सहा महिने. निरोगी माणसाला औषध देणं अनेकांना पटत नाही, पण टीबी सर्वांत सहज पसरतो तो याच घरातल्या माणसांत. रुग्णाला एमडीआर असेल तर हे डोस चालत नाहीत. अशा घरांसाठी रोज लिव्होफ्लॉक्ससिन सहा महिने, असा पर्याय व्हिएतनाम आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चाचण्यांनंतर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवला, तो तुमच्यासाठी आहे का हे तज्ज्ञ ठरवतील.

जन्मताच दिलेली बीसीजी लस बाळाला मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, मोठ्यांच्या फुफ्फुसांचं रक्षण मात्र भरवशानं करत नाही. नव्या लशींपैकी एम७२ची अंतिम टप्प्यातली चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली आहे.

९. कोर्स संपल्यावर

शेवटच्या गोळीनंतर बेडक्याची तपासणी आणि डॉक्टरांची लेखी नोंद घ्या. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी, म्हणजे ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी, पुन्हा दाखवायचं असतं. पहिला सीबीनॅट रिपोर्ट, प्रतिकाराची तपासणी, घेतलेल्या औषधांची यादी आणि एक्स-रे एकाच पिशवीत ठेवा. पुन्हा खोकला सुरू झाला तर नव्या डॉक्टरांना याच कागदांवरून दिशा मिळते. मध्ये कधीही अडलं तर १८००-११-६६६६ ही टीबीची मोफत हेल्पलाइन आहे.