लेकीकडे इंग्लंडच्या खेड्यात राहायला जाताय?

मुलं लंडनला असतील तर गोष्ट वेगळी. आमची लेक डॉर्सेटमधल्या एका लहान खेड्यात राहते. एक चर्च, एक पब, एक दुकान, बाकी शेतं. अशा ठिकाणी आपल्याकडचे आईबाप पोरं कामावरून येईपर्यंत खिडकीत बसून राहतात. तसं करू नका. गाव तुमच्यासाठीही आहे.

सोलापूरहून निघताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल घ्या. पेढे, खवा, तूप मात्र नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथं नेऊ देत नाहीत. रोजच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा आणि प्रवास विमा काढाच. फिरायला आलेल्यांनाही तिथल्या डॉक्टरांकडे तात्पुरती नोंदणी करून मोफत दाखवता येतं, पण इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर बिल मोठं येतं.

पोहोचलात की आधी गावाचा सूचनाफलक वाचा. बसच्या वेळा, पॅरिश कौन्सिलची, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीची, बैठक, फिरतं वाचनालय, गावच्या हॉलमधली सकाळची कॉफी, सगळं तिथं लागतं. दुकानातच बहुतेकदा पोस्टाची खिडकी असते. तूरडाळ, ज्वारीचं पीठ मोठ्या शहरातूनच आणावं लागतं.

बसबद्दल नीट ऐका. अक्कलकोटची एसटी चुकली तर थोड्या वेळात दुसरी मिळते. तिथं दिवसाला मोजक्याच गाड्या, रविवारी बहुधा एकही नाही. म्हणून परतीची शेवटची बस आधी बघा, मगच घर सोडा. गाडी दिसली की हात करा, नाहीतर ती पुढं निघून जाईल. १ जानेवारी २०२५ पासून इंग्लंडात बहुतेक मार्गांवर एका फेरीचं भाडं ३ पौंडांच्या वर जात नाही.

मला सगळ्यात आवडतात त्या पायवाटा. आपल्याकडे कुणाच्या रानातून जायचं तर विचारून जातो. तिथं ‘पब्लिक फुटपाथ’ अशी पाटी असली की त्या वाटेनं शेतातून चालायचा तुम्हाला कायद्यानं हक्क असतो. पिवळा बाण पायी जाणाऱ्यांचा; निळ्या बाणाच्या वाटेवर घोडे आणि सायकलीही येतात. फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवा, बंद असेल तर मागं लावून घ्या. वासरं घेऊन गाई चरत असतील तर लांबून वळसा घाला. आमचे हे सोलापुरात रोज सिद्धेश्वर तळ्याला फेरी मारतात, तिथं या वाटांवर रमले. गुडघे दुखत असतील तर मात्र घरच्यांना आधी विचारा, कारण काही कुंपणं लाकडी पायऱ्या चढून ओलांडावी लागतात.

घराचा पोस्टकोड कागदावर लिहून खिशात ठेवा. खेड्यात पुष्कळ घरांना नंबर नसतो, नुसतं नाव असतं. जिवावरचं संकट आलं तर ९९९ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा. लाल टेलिफोनच्या खोक्यात आता पुष्कळ ठिकाणी बंद पडलेलं हृदय विजेच्या झटक्यानं पुन्हा सुरू करायचं यंत्र (डिफिब्रिलेटर) असतं, त्याच्या पेटीला कुलूप असलं तर आकडे ९९९ वालेच सांगतात.

आणि कॉफीला जाताना चटणी न्यायचीच असेल, तर त्यात शेंगदाणे आहेत हे डबा उघडण्याआधी सांगा. काहींना त्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते.