मंडळीत आरोग्यसेवा कशी चालवावी

मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, पंचकमिटीची (कारभारी समितीची) परवानगी, एक टेबल, दोन खुर्च्या आणि दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे डिजिटल यंत्र एवढे जमले की कामाला लागावे. उद्घाटन, फलक आणि पाहुणे डॉक्टर यांच्या मागे धावू नये. वर्षातून एकदा गाजावाजा करून भरवलेल्या शिबिरापेक्षा दर महिन्याच्या ठरलेल्या रविवारी न चुकता मांडलेले टेबल अधिक उपयोगी पडते. मिशनच्या दवाखान्यांमुळे आपल्या बऱ्याच मंडळ्यांत एखादी निवृत्त परिचारिका असतेच. काम तिच्याकडे सोपवावे आणि महिला मंडळातील दोघीतिघी तिच्या हाताखाली द्याव्यात. त्या शिकलेल्या नाहीत ही सबब सांगू नये, कारण अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभे केलेले आरोग्यसेवेचे काम निरक्षर व अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनीच गावोगावी पोहोचवले.

रविवारची भक्ती (उपासना) संपताच लोक टेबलाभोवती गर्दी करतात, तेव्हा लगेच पट्टा बांधू नये. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसू द्यावे. रविवारचा कोट उतरवून हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा. चहा झाला असेल तर अर्धा तास थांबावे. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा आला तरी एका दिवसावरून कोणाला रोगी ठरवू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टरांकडे पाठवावे. मात्र १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा एक बाजू लुळी पडणे यांपैकी काही असेल, तर तत्काळ दवाखाना गाठावा. शेवटच्या प्रार्थनेसाठीही थांबू नये.

इथपर्यंत सर्व सोपे आहे. खरी कसोटी आकडा कळल्यानंतर लागते, आणि तेथेच मी सपशेल चुकले होते. पहिल्याच वर्षी एका बाईंची साखर फार वाढलेली आढळली, म्हणून मी भल्या हेतूने प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये त्यांचे नाव लिहून दिले आणि ते आजारासकट सर्वांसमोर वाचले गेले. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. त्यानंतर चार महिने त्या भक्तीला आल्या नाहीत आणि माझ्या टेबलाकडे तर पुन्हा कधीच फिरकल्या नाहीत. तेव्हापासून आकडा चिठ्ठीवर लिहून ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा, आकड्यांची वही कुलपात ठेवायची आणि ती पाळकसाहेबांनाही (मंडळीच्या धर्मगुरूंनाही) दाखवायची नाही, असा माझा नियम आहे. प्रार्थना हवी असेल तर विनंती त्या माणसाने स्वतः द्यावी. ‘आपण सारे एक कुटुंब आहोत’ असे म्हणून वही मागणारे भेटतील. त्यांना ठाम नकार द्यावा.

दुसरी अडचण गोळ्यांची. ‘प्रभूने बरे केले’ म्हणून औषध सोडणारे दरवर्षी भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये. रक्तदाब गोळीमुळेच ताब्यात असतो, हे पाळकांनीच उपदेशातून सांगितलेले बरे. बायबलमधील शुभवर्तमानकार लूक वैद्य होता एवढा दाखला पुरतो. पौलाने पत्रातून तीमथ्याला पोटासाठी सुचवलेला द्राक्षारस मात्र दाखल्याला घेऊ नये, कारण त्यातून सोयीचा अर्थ काढणारे प्रत्येक मंडळीत असतात.

आहाराबाबत दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ पुरे, एवढेच सांगावे; नाताळच्या फराळावर व्याख्यान देऊ नये, कोणी ऐकत नाही.

वहीत ‘डॉक्टरांकडे गेले का?’ असा एक रकाना आखावा. तो महिनाभर रिकामा राहिला तर त्या माणसाला आवारात चारचौघांत हटकू नये, संध्याकाळी घरी जावे. पैशांची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता द्यावा आणि एकटे जायला कचरत असेल तर सोबत जावे. घरी जाताना रक्तदाबाचे यंत्र मात्र नेऊ नये, कारण ते शेजाऱ्यांना दिसले की वहीला लावलेले कुलूप फुकट जाते.