परदेशी माणूस नोकरीवर घेताय? आधी करार, पत्ता आणि पीएफ जुळवा

ऐरोलीतल्या कंपनीला परदेशी प्रॉडक्ट हेड हवा असतो, रबाळ्याच्या कारखान्याला यंत्र बसवून देणारा तंत्रज्ञ. दोघांचे व्हिसा वेगळे. इथल्या कंपनीच्या पगारावर काम करणाऱ्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. उत्पादनाचं यंत्र बसवून, चालू करून परत जाणाऱ्यासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये ई-बी-४ हा बिझनेस व्हिसाचा नवा प्रकार आला. त्याचं स्पॉन्सरशिप लेटर कंपनीला केंद्र सरकारच्या नॅशनल सिंगल विंडो पोर्टलवर काढता येतं. 'मीटिंग' म्हणून बोलावून वर्षभर कामाला जुंपायची पळवाट मात्र सोडा. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यात व्हिसाच्या अटी मोडणाऱ्या परदेशी व्यक्तीला ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगार लागतो. भाषाशिक्षक (इंग्रजीचे सोडून), अनुवादक आणि स्वतःच्या देशाचा खास स्वयंपाक करणारे परदेशी आचारी यांना सूट आहे. गोंधळ होतो तो सीटीसीमुळे, म्हणजे कर्मचाऱ्यावर होणारा कंपनीचा सगळा खर्च एकाच आकड्यात दाखवल्यामुळे. रोख पगार आणि भत्ते धरले जातात. फुकट घरासारखी सवलत आयकराच्या हिशेबात पगार म्हणून येत असेल तरच मोजली जाते. म्हणून करारात एकच गोळाबेरीज आकडा नको, रोख किती आणि सवलती किती ते वेगवेगळं लिहा. पदाचं वर्णनही नेमकं हवं. कारकुनी किंवा इथे सहज माणसं मिळतील अशा कामाला हा व्हिसा मिळत नाही.

व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ पोर्टलवर, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या (एफआरआरओ) पोर्टलवर, नोंदणी करा. पत्ता राहत्या घराचा द्यायचा, ऑफिसचा नाही. घोडबंदर रोडवर फ्लॅट घेऊन देता तेव्हा घरमालकाने २४ तासांत परदेशी पाहुण्याची माहिती, म्हणजे सगळे ज्याला फॉर्म सी म्हणतात ती, ऑनलाइन भरायची असते. बहुतेक मालकांना हे ठाऊकच नसतं! लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवला की संपलं, असं त्यांना वाटतं. त्यामुळे माणूस विमानात बसण्याआधीच मालकाचं पोर्टलवरचं खातं उघडून घ्या. पुढे तो पाम बीच रोडला राहायला गेला तर पोलीस आयुक्तालयच बदलतं, ठाण्याचं नवी मुंबई होतं. तेव्हा पत्ताबदलाचा अर्ज पोर्टलवर पुन्हा भरावा लागतो.

पीएफमध्ये सगळ्यात महागडी चूक होते. परदेशी कर्मचाऱ्याला महिना १५,००० रुपये पगाराची पीएफची मर्यादा लागू होत नाही, पूर्ण पगारावर कापणी होते. जर्मनी, जपान यांसारख्या भारताशी सामाजिक सुरक्षा करार झालेल्या देशांतल्या कंपनीने इकडे पाठवलेला माणूस तिथलं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे तिथल्या सामाजिक सुरक्षा योजनेत असल्याचा दाखला, दाखवून सूट घेऊ शकतो. तुम्ही थेट नेमलेल्याला ती सूट नाही. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने परदेशी कर्मचाऱ्यांसाठीची ही वेगळी पीएफ तरतूद घटनाबाह्य ठरवली, पण तेवढ्या भरवशावर इथली कापणी थांबवणं शहाणपणाचं नाही. थकबाकी निघाली तर व्याज आणि नुकसानभरपाईही भरावी लागते.

मुदतवाढीच्या वेळी करारातला पगार आणि फॉर्म १६ मधला पगार शेजारी ठेवून पाहिले जातात, तेव्हा दोन्ही आकडे आधीच ताळून घ्या. आणि माणसाने राजीनामा दिला तर एफआरआरओला कळवा. हा व्हिसा तुमच्या कंपनीला बांधलेला असतो, परवानगीशिवाय तुमच्याच सिस्टर कंपनीतही त्याला हलवता येत नाही.