महिन्याचा तक्ता सोडला, कॅलेंडर हाताशी आलं

आईच्या फिजिओथेरपीची वेळ दोनदा चुकली, तेव्हा गूगल कॅलेंडर नीट लावायला बसलो. स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या प्रोग्रामवर महिन्याच्या तक्त्यातला एकेक चौकोन ऐकताना जीव मेटाकुटीला यायचा. आजच्या तारखेसाठी 'टी' दाबलं, की एनव्हीडीए पुढचं टेबल शोधायला जायचा. कारण ब्राउज मोडमध्ये, म्हणजे अक्षरं दाबून पानावर फिरायच्या पद्धतीत, 'टी' म्हणजे टेबल! इन्सर्ट आणि स्पेस एकत्र दाबून फोकस मोड लावला, म्हणजे कळा थेट कॅलेंडरला पोचतात, मग 'ए' दाबलं. सगळ्या नोंदी तारीखवार यादीत आल्या. (सेटिंगमध्ये कीबोर्ड शॉर्टकट सुरू हवेत, ते आधी पाहा.)

नोंदींची नावंही बदलली. 'अपॉइंटमेंट' काढून सुरुवातीलाच 'आई, फिजिओ'. पहिल्या शब्दात कळतं, पुढचं ऐकत बसावं लागत नाही. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. परवा आईला म्हटलं, "उद्या साडेदहा. रिक्षा दहाला सांगतो."